लाल मातीच्या ट्रॅकवरचे रविवार

नॉर्थ कॅरोलिनातल्या त्या गावात आम्ही गेलो ते माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो टेक्स्टाइल इंजिनियर, आणि गावाचं सगळं जगणं सुताच्या गिरण्यांवर. मी नागपूरला एमबीबीएस करून आले होते, न्यू जर्सीत रेसिडेन्सी संपवली होती. गावच्या लहानशा हॉस्पिटलला इमर्जन्सीत डॉक्टर हवा होता आणि इतक्या आडबाजूला यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मला पहिल्याच भेटीत नोकरी मिळाली. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मुलगी तेव्हा पाळण्यातून नुकती बाहेर पडली होती.

लोक वाईट नव्हते. उलट फार अदबीचे. मी छाती तपासायचे, बीपी बघायचे, औषध लिहून द्यायचे, ते सगळं निमूटपणे करून घ्यायचे आणि मग अगदी हळू आवाजात विचारायचे, "मॅम, डॉक्टर कधी येतील?" मी सांगायचे, मीच डॉक्टर. ते मान हलवायचे आणि तरी जरा वेळ दाराकडे बघत बसायचे. पुढच्या वेळी येताना घरच्या पीचची पिशवी आणायचे. ती मला द्यायचे आणि पुन्हा तेच विचारायचे.

गावाबाहेर मातीचा एक रेस ट्रॅक होता. लाल मातीचं लंबगोल रिंगण, एका बाजूला फळ्यांची गॅलरी, पलीकडे पाइनची झाडं. रविवारी दुपारी, चर्च सुटलं की गाव तिकडे लोटायचं. या शर्यतीतल्या गाड्या लांबून रस्त्यावरच्या साध्या मोटारींसारख्याच दिसतात. जवळ गेलं की कळतं, आतलं सगळं काढून टाकलेलं असतं, ड्रायव्हरभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो आणि दारं वेल्डिंगने कायमची बंद केलेली असतात. आत शिरायचं ते खिडकीतून. शर्यत चालू असताना तिथे एक ॲम्ब्युलन्स आणि एक डॉक्टर हजर लागायचा. हे काम वर्षानुवर्षं करणारे म्हातारे डॉक्टर रिटायर होऊन फ्लोरिडाला गेले, आणि आमच्या हॉस्पिटलच्या मॅनेजरने सगळ्यांना विचारून झाल्यावर शेवटी मला विचारलं. मी हो म्हटलं. नवरा म्हणाला, "तुला गाड्यांतलं काय कळतं?" मी म्हटलं, "गाड्यांतलं कशाला कळायला हवं? माणसं तीच ना?"

पहिल्या रविवारी मी हिरवा स्वेटर घालून गेले. बरोबर खाऊ म्हणून शेंगांची पिशवी नेली, तिकडे भुईमूग उत्तम मिळतो. गाड्या दुरुस्त करायच्या आवारात शिरले, एका लाकडी खोक्यावर बसले आणि शेंगा फोडायला लागले. हळूहळू आजूबाजूचे आवाज कमी झाले. पाने हातात धरून मेकॅनिक माझ्याकडे बघत होते. एकजण पुढे आला, टोपी काढली आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "मॅम, तुम्ही गॅलरीत बसलात तर बरं होईल."

मला तेव्हा माहीत नव्हतं, की या धंद्यात हिरवा रंग अपशकुनी मानतात, शेंगांची टरफलं त्याहून अपशकुनी, आणि गाड्यांच्या आवारात बाई म्हणजे तर बोलायलाच नको. मी एकाच वेळी तिन्ही घेऊन आले होते.

तेवढ्यात एका गाडीखालून एक माणूस सरपटत बाहेर आला. पन्नाशीकडे झुकलेला, उंच, कानाच्या पाळीवर भाजल्याची जुनी खूण. त्याने हात पुसले, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भाजलेल्या आहेत का?"

"हो."

त्याने मूठभर शेंगा उचलल्या, सगळ्यांच्या देखत एकेक फोडून खाल्ल्या आणि टरफलं स्वतःच्या गाडीच्या टपावर टाकली. मग म्हणाला, "डॉक इथेच बसतील. मला काही झालं तर त्यांना गॅलरीतून धावत यायला लावायचं का?"

त्या दिवशी त्याच्या गाडीचं इंजिन मध्येच धूर ओकून बंद पडलं. लोक माझ्याकडे बघायला लागले. तो खिडकीतून बाहेर आला आणि जाता जाता एवढंच म्हणाला, "इंजिन जुनं होतं." नंतर कुणी मला गॅलरीत जायला सांगितलं नाही.

असे ते मला भेटले. पुढे आमची ओळख वाढली तशी मी त्यांना मनातल्या मनातसुद्धा अहो-जाहो करायला लागले, म्हणून इथेही तसंच लिहिते.

त्यांचे वडील गिरणीत होते. आई शिवणकाम करायची. शाळा सुटली तशी त्यांनी गॅरेजात नोकरी धरली आणि भंगारातल्या एका गाडीला ठोकूनपिटून पहिली शर्यत धावले, ती याच लाल मातीवर. मग आसपासच्या राज्यांतले असले सगळे ट्रॅक. आठवडाभर गॅरेज, शुक्रवारी संध्याकाळी रेसची गाडी ट्रकमागे बांधायची, बायको शेजारी, मुलं मागच्या सीटवर, आणि निघायचं. त्यांच्या बायकोने मला सांगितलं होतं, "आमच्या मुलांना चालत्या ट्रकशिवाय झोपच यायची नाही. घरी अंथरुणावर टाकलं की रडायची."

मध्ये काही वर्षं ते देशपातळीवरच्या शर्यतींच्या मोठ्या मालिकेत उतरले होते. तिथे डांबरी ट्रॅक, टीव्हीवर झळकणारे ड्रायव्हर, कंपन्यांच्या जाहिरातींनी रंगलेल्या गाड्या. यांच्या गाडीवर गावातल्या हार्डवेअरच्या दुकानाचं नाव होतं, तेही त्यांच्या मेहुण्याने ब्रशने रंगवलेलं. मोठ्या टीमवाले थोडे वापरून टाकून द्यायचे ते टायर हे उचलून आणायचे आणि त्यावर पूर्ण शर्यत धावायचे. मी एकदा विचारलं, "जिंकलात का कधी तिथे?"

"नाही."

"मग?"

"संपवली. बहुतेक सगळ्या संपवल्या." ते अगदी मोकळेपणाने हसले. "डॉक, त्या लोकांबरोबर सुरू करणारे खूप होते. संपवणारे थोडे."

एकदा पावसामुळे पुढच्या गाड्या घसरल्या, आणि काही फेऱ्या हे सगळ्यांच्या पुढे होते. तेवढा वेळ समोर एकही गाडी नव्हती, नुसता रस्ता होता, असं ते सांगायचे. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. मग इंजिन गेलं. मुलं मोठी झाली, गॅरेजकडे लक्ष द्यायला माणूस नव्हता, आणि ते परत मातीवर आले. त्यात त्यांना कमीपणा वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही. रविवार आला की ते लग्नघरातल्यासारखे उत्साहात असायचे.

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका तरुण ड्रायव्हरच्या मनगटाचं हाड मोडलं होतं आणि तो मला फसवून पुन्हा गाडीत बसायला निघाला होता. मी त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याने मला नको ते ऐकवलं. नंतर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "आमच्यातल्या कुणालाच खरं सांगायची सवय नसते. मी पण तुम्हाला ठीक आहे असंच सांगेन. पाय तुटून हातात आला तरी. तेव्हा आपण आत्ताच ठरवून टाकू. ज्या दिवशी तुम्ही मला बस म्हणाल, त्या दिवशी मी शर्यत सोडून बसेन. मात्र तोंडावर सांगायचं. बायकोकडून निरोप नाही पाठवायचा."

मी म्हटलं, "ठरलं." आम्ही हातात हात दिला. तेव्हा मला ते बोलणं गमतीचंच वाटलं होतं.

तो दिवस पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. मोसमातली शेवटची शर्यत होती, गॅलरी तुडुंब भरलेली. दुपारच्या पहिल्या छोट्या शर्यतीत त्यांच्या पुढची गाडी आडवी झाली, तिला चुकवताना त्यांची गाडी बाजूने कठड्यावर आपटली. आवाज मोठा झाला, पण गाडी फार चेपली नव्हती. मी पोचेपर्यंत ते खिडकीतून बाहेर आले होते आणि गॅलरीकडे हात हलवत होते. लोक टाळ्या वाजवत होते.

मी त्यांना ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर बसवलं. हेल्मेटला डाव्या बाजूला चीर गेली होती.

"डोकं दुखतंय का?"

"थोडंसं. कोण जिंकलं?"

मी नाव सांगितलं. डोळ्यांत टॉर्च मारला, नाडी बघितली. सगळं जवळजवळ ठीक होतं.

"कोण जिंकलं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी बुटाची सुटलेली नाडी बांधायला घेतली. बोटं नाडीशी खेळत राहिली, गाठ काही बसेना. मग मान वर करून, अगदी पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं, ते म्हणाले, "कोण जिंकलं, डॉक?"

मेकॅनिकांनी तोवर गाडीचा पत्रा ठोकून सरळ केला होता. मुख्य शर्यतीला थोडाच वेळ राहिला होता. ट्रॅकचे मालक येऊन म्हणाले, "चांगले बोलताहेत की. आज लोक त्यांच्यासाठी आलेत." मी म्हटलं, ते धावणार नाहीत. मालकांनी मला बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात सांगितलं, की मी या खेळात नवीन आहे, असे मार इथे रोज बसतात, जुने डॉक्टर असते तर एक ॲस्पिरिन देऊन सोडलं असतं. एवढ्यात हे उठले आणि गाडीकडे चालायला लागले. हातात हेल्मेट होतं, तेच, चीर गेलेलं.

मी पुढे जाऊन खिडकीसमोर उभी राहिले. माझी उंची पाच फूट. वर मान करून बघावं लागत होतं. भोवती सगळी टीम, आणि गॅलरीतून कुणीतरी ओरडत होतं, की त्या बाईला बाजूला करा.

मी म्हटलं, "आपलं काय ठरलं होतं आठवतं का? मी तोंडावर सांगतेय. तुम्ही आज बसायचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ, की मला वाटलं त्यांना काही कळलेलंच नाही. बायको मागे येऊन उभी होती. मग त्यांनी हेल्मेट गाडीच्या टपावर ठेवलं, हातमोजे काढायला सुरुवात केली, आणि मालकांना म्हणाले, "डॉक बस म्हणताहेत." वाद नाही, काही नाही. जसं एखाद्याने सांगावं, बाहेर पाऊस आहे.

आमच्या हॉस्पिटलमध्ये तेव्हा स्कॅनचं मशीन नव्हतं. ते तासाभराच्या अंतरावरच्या शहरात होतं. मी आणि त्यांची बायको ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्याबरोबर बसलो. ॲम्ब्युलन्स चालवणारा गावातला स्वयंसेवक होता, एरवी तो टपाल वाटायचा. बिचारा घाबरला होता. प्रत्येक वळणावर कचकन ब्रेक, मग पुन्हा जोरात पुढे. स्ट्रेचर हिसके खात होतं, मी एका हाताने छताची दांडी आणि एका हाताने त्यांचं डोकं धरून बसले होते. निम्मा रस्ता गेल्यावर ते पेंगायला लागले. हाका मारल्या तर डोळे उघडायचे आणि लगेच मिटायचे. बायको त्यांच्याशी सारखी बोलत होती, कोणत्या साली कुठल्या ट्रॅकवर काय झालं ते, म्हणजे त्यांनी जागं राहावं. त्यांचं सगळं करियर मी त्या प्रवासात तिच्या तोंडून ऐकलं. तिला प्रत्येक शर्यत पाठ होती.

कवटीच्या आत रक्त साचत होतं. संध्याकाळच्या आत ऑपरेशन झालं. सर्जनने बाहेर येऊन सांगितलं, की ते वाचले, आणि वेळेत आणलं म्हणून वाचले. दुसरा एक मार बसला असता तर इथवर आलेच नसते, असंही म्हणाला. त्यांच्या बायकोने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.

त्यांच्या शर्यती अर्थातच कायमच्या बंद झाल्या. ते घरी आले, चालायला-बोलायला पहिल्यासारखे झाले, पण माझ्याशी बोलेनासे झाले. तपासणीला आले की हो-नाही एवढंच. पुढच्या वसंतात शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा ट्रॅककडे फिरकले नाहीत. घरी बसले तरी गाड्यांचा आवाज ऐकू यायचा, म्हणून रविवार दुपारी ते ट्रॅकच्या उलट्या दिशेला फिरायला जायचे. ग्रोसरीच्या दुकानात त्यांची बायको भेटली तेव्हा मी विचारलं, माझा फार राग आलाय का? ती म्हणाली, "तुमचा नाही, हनी. रविवारचा आलाय."

आणि याच काळात माझ्या बाबतीत एक झालं. पेशंट दाराकडे बघायचे थांबले. कधी थांबले ते नेमकं कळलं नाही. एक दिवस एक आजोबा छातीत दुखतंय म्हणून आले, दुसरे डॉक्टर ड्युटीवर होते, तर म्हणाले, "नाही, ती छोटी डॉक हवी. जिने आमच्या माणसाला गाडीतून उतरवलं ती." गावाचा हिशेब सोपा होता. ज्या माणसाने आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, त्याने जिचं ऐकलं, ती डॉक्टर असलीच पाहिजे. हे मी माझ्या डिग्र्यांच्या जोरावर कमावलेलं नव्हतं. त्यांनी भर गॅलरीसमोर हातमोजे काढले, त्यातून मला ते मिळालं.

उन्हाळा सरता सरता एका सकाळी ते हॉस्पिटलमध्ये आले. टोपी हातात.

"तुमची ती ॲम्ब्युलन्स कोण चालवतं?"

मी म्हटलं, "तोच, टपाल वाटणारा. आणि आणखी काही स्वयंसेवक आहेत. का?"

"बायको सांगते, त्या दिवशी मी रक्तस्रावाने मेलो नसतो तर त्याच्या ब्रेकांनी मेलो असतो." ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते थोडे हसले. "त्यांना माझ्याकडे पाठवा."

ऑपरेशनमुळे त्यांना स्वतः गाडी चालवायची अजून परवानगी नव्हती. म्हणून ते शेजारच्या सीटवर बसून शिकवायचे. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी, ट्रॅक रिकामा असताना, त्याच लाल मातीवर. मालकांनी फाटकाची किल्लीच देऊन टाकली. शिकवायची पद्धत त्यांची स्वतःची होती. एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने मागे स्ट्रेचरवर पट्टे बांधून पडायचं. मग अदलाबदल. "मागच्या माणसाला वळण आलेलं कळता कामा नये," ते म्हणायचे. "ब्रेक वळणाच्या आधी संपवा. वळणात पाय उचललेला असू दे. वेग कुठे कमी केला ते मला कळलं, तर पुन्हा."

एकदा मीही गेले. ते म्हणाले, "डॉक, तुम्ही पडा मागे." मी पडले. वर फक्त ॲम्ब्युलन्सचं पांढरं छत, बाजूला सलाइनची बाटली हलतेय. इतकी वर्षं मी पेशंटच्या डोक्याशी बसून प्रवास केला होता, पण झोपून कधीच नाही. पुढून त्यांचा आवाज येत होता, शांत, एकसुरी. "आता सोड. अजून थोडं. आता घे." माझं पोट एकदाही ढवळलं नाही. किती फेऱ्या झाल्या विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. टपाल वाटणारा तो माणूस चालवत होता. तो मागे वळून इतका खुशीत हसला, की मलाही हसू आलं.

दोन-तीन वर्षांत शेजारच्या गावांचे लोकही शिकायला येऊ लागले. एका हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फाचा काचेसारखा थर साचला होता, त्यातून एका बाळंतिणीला शहरात न्यायचं होतं. मूल आडवं होतं. मी बरोबर होते. त्या डोंगराळ रस्त्यावर गाडी अशी गेली, की ती मधूनमधून कळा विसरून झोपायची. मुलगी झाली, दोघी सुखरूप. दुसऱ्या दिवशी मी हे त्यांना जाऊन सांगितलं. ते गॅरेजात होते. ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "पोचले म्हणजे झालं." पण त्यांनी हातातलं काम थांबवलं होतं, आणि बराच वेळ ते पुन्हा सुरू केलं नाही.

त्या वसंतात ते पुन्हा रविवारी ट्रॅकवर दिसायला लागले. बायकोबरोबर गॅलरीत. मी खालून हात केला की तेही करायचे.

दशक संपता संपता गिरण्यांना उतरती कळा लागली. नवऱ्याला न्यू जर्सीत नोकरी लागली आणि आम्ही पिस्कॅटवेला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी ते दोघं नवरा-बायको आले. तिने प्रवासात खायला तळलेलं चिकन आणि, आम्ही चिकन खात नाही हे आठवून, वर आणखी एक पीच पाय, म्हणजे पीचचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, आणला होता. त्यांनी न विचारता आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं, तेल बघितलं, चारही टायरवर हात फिरवला. मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, "हायवेपर्यंत माझ्या मागे या. रस्त्याच्या कडेचं काम चाललंय, एक रस्ता बंद आहे."

मी त्यांचे आभार मानायचं ठरवून ठेवलं होतं. मराठीत मनात वाक्यं जुळवली होती, इंग्रजीत ती जड झाली. मी म्हटलं, "तुमच्यामुळे मला या गावात डॉक्टर म्हणून जगता आलं."

ते म्हणाले, "तुमच्यामुळे मला नुसतंच जगता आलं. म्हणजे उपकार तुमचेच जास्त झाले, डॉक."

ते त्यांच्या जुन्या पिकअपमध्ये बसले. आम्ही मागे निघालो. शाळेवरून, चर्चवरून, बंद पडलेल्या गिरणीवरून. पिकअप एका संथ लयीत चालली होती. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आई, ही इज सो स्लो. आर यू शुअर ही वॉज अ रेस कार ड्रायव्हर?"

"हो," मी म्हटलं. "होते."

हायवेच्या तोंडाशी त्यांनी पिकअप कडेला घेतली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि आम्हाला पुढे जायची खूण केली. नवऱ्याने हॉर्न वाजवला. मी वळून बघत राहिले. आम्ही दिसेनासे होईपर्यंत तो हात खिडकीबाहेरच होता.